मंडळाआधी वसतिगृह

बीड जिल्ह्यातल्या महाविद्यालयीन मंडळांचा इतिहास बहुधा स्नेहसंमेलनापासून सांगितला जातो: निमंत्रणपत्रिका, एकांकिका, शेलापागोटे, विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक. मला ही सुरुवात फार उशिराची वाटते. मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली आपली साहित्यविषयक आणि शास्त्रविषयक सभा काढली, निबंध वाचले, पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा उघडल्या. बीड ज्यात होते त्या निजामाच्या राज्यात ही वाट मोकळी नव्हती. सार्वजनिक सभा घ्यायची तर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाप्रमाणे आधी सरकारची परवानगी लागे. जिथे सभा भरवणेच अर्जावर अवलंबून, तिथे सभेच्या दप्तरात इतिहास सापडणार कसा? चार मुले परवानगीवाचून रोज एकत्र बसू शकत होती ती वसतिगृहात. आपल्याकडच्या मंडळाचे मूळ तिथेच शोधले पाहिजे.

अंबाजोगाईचे, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादचे उदाहरण घ्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत गुरू-शिष्यांच्या सहवासाचा अनुभव घेतलेले स्वामी रामानंद तीर्थ आणि बाबासाहेब परांजपे १९३५ साली इथे आले आणि योगेश्वरीच्या शाळेत तोच सहवास रुजला. शाळेपुढचे शिक्षण घ्यायचे तर औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज, पदवीसाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ. तिथे शिकवण्याची भाषा उर्दू. दिवसभर वर्गात परक्या भाषेत वावरणाऱ्या मराठी मुलाला स्वतःच्या बोलीत गप्पा, वाद, गाणे मिळे ते वसतिगृहाच्या खोलीत आणि प्रार्थनेच्या जागी. म्हणूनच १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणू नका असा हुकूम निघाला तेव्हा तो एका गीतापुरता राहिला नाही. आपले असे जे एकमेव एकत्र बसणे होते, त्यावरच तो घाव होता. मुलांनी माघार घेतली नाही. त्यांची नावे काढून टाकली गेली, आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला.

कोणी म्हणेल, हे तर राजकारण झाले. मंडळ म्हणजे हौस, स्नेह, करमणूक. पण बंदीच्या काळात या दोहोंमधली भिंत सरकारनेच पाडली होती. साधी प्रार्थना गुन्हा ठरली की प्रार्थनेला बसणारा राजकारणात पडतोच. दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे, आणि तो जड आहे. या साऱ्या आठवणींत दलित मुलगा जवळजवळ दिसत नाही, मुलगी तर नाहीच. ज्याला पंक्तीत ताट नाही त्याला मंडळ कुठले? त्या प्रश्नाला उत्तर मिळू लागले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला काढलेल्या महाविद्यालयाने, पुढच्या मिलिंदने. खेड्यापाड्यांतल्या मुलांना राहायला जागा मिळाली आणि मग रंगमंचही मिळाला. प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली तिथल्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. मराठवाडा विद्यापीठ स्थापन व्हायला तेव्हा अजून तीन वर्षे होती.