सांधा आणि हृदय : महाड-पोलादपूरच्या संदर्भात एक इतिहासविचार

इ. स. च्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास रचल्या गेलेल्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात आमवाताचे जे वर्णन आले आहे, त्यातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. आमवाताने ग्रासलेल्या सांध्यातील वेदनेला माधवकराने विंचवाच्या दंशाची उपमा दिली आहे. आणि रोग बळावल्यावर उद्भवणाऱ्या लक्षणांत ‘हृद्ग्रह’ म्हणजे हृदय जखडल्यासारखे होणे, याचीही गणना केली आहे. अर्थात एवढ्यावरून प्राचीनांना आजचे सारे ज्ञान होते असे म्हणणे उतावळेपणाचे ठरेल. आमवात या एका नावाखाली संधिज्वर आणि संधिवाताभ संधिशोथ असे दोन्ही रोग येत असावेत, आणि बालवयात हृदयाच्या झडपा निकामी करणारा रोग त्यांपैकी पहिला होय. तरीही सांधा आणि हृदय यांना एकाच रोगाच्या कक्षेत पाहणारी ही दृष्टी पुढे बराच काळ हरवली, हे खरे आहे.

ती हरवण्यास वर्गीकरणाची प्रगतीच कारण झाली. आल्फ्रेड गॅरड या इंग्रज वैद्याने 1859 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या रोगास आजचे पाश्चात्त्य नाव देऊन त्यास वातरक्तापासून वेगळे काढले. संधिज्वरही निराळा ठरला. या वाटणीत हृदय संधिज्वराच्या वाट्यास गेले आणि संधिवाताभ संधिशोथाच्या वाट्यास केवळ सांधे उरले! 1941 साली बॅगनस्टॉस व रोझेनबर्ग यांनी शवविच्छेदनांच्या आधारे अशा रुग्णांच्या हृदयातील विकृती दाखवून दिल्या. 1953 साली कॉब, अँडरसन व बाउअर यांनी या रुग्णांचे आयुर्मान आणि मृत्यूची कारणे यांचा विचार केला. ज्या रोगाने माणूस पंगू होतो पण मरत नाही अशी समजूत होती, तो आयुष्यही आखूड करतो हे त्यातून पुढे आले. हृद्रोहिण्यांच्या विकाराचा धोका या रुग्णांत इतरांच्या सुमारे दीडपट असतो, असे आज मानले जाते.

याचे कारण सांध्यापुरते नाही. सांध्यात धुमसणारा शोथ रक्तावाटे सर्व शरीरात पोहोचतो. रोहिण्यांच्या अस्तरावर मेदाचे थर साचण्याची क्रिया त्यामुळे लवकर सुरू होते, आणि साचलेले थर फुटण्याचा संभवही वाढतो. धूम्रपान तर दोन्ही रोगांना पोसते. पोलादपूर तालुक्यासारख्या डोंगराळ मुलखात यात आणखी एक गोष्ट मिसळते. तेथील चढ हीच हृदयाची रोजची परीक्षा असते. चढताना छातीत कळ आली, दम लागला, म्हणजे माणूस सावध होतो. परंतु ज्याचे गुडघे व घोटे आखडले, तो चढच चढत नाही. परीक्षा टळते आणि रोग लपून राहतो. उठणे-बसणे कमी झाले की घरची माणसे ते सांध्यांच्या माथी मारतात, आणि थकव्याचेही तसेच होते.

लपलेले हृदयरोग ओळखण्याचा एक थोर अध्याय याच तालुक्यांच्या भूमीत घडला आहे. त्याचा विषय मात्र माधवकराने केवळ उपमेसाठी वापरलेला विंचू हा होता. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत. 1961 साली मुंडले यांनी अशा दंशानंतर होणाऱ्या फुप्फुसशोफाची नोंद ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये केली होती. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे 1976 साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेल्या रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी बारकाईने पाहणी केली. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार पडलेले हातपाय, चढलेला रक्तदाब आणि मग हृदयाचे दुर्बल होणे, हा क्रम त्यांना आढळला. ही पूर्वसूचक हृदयलक्षणे त्यांनी 1982 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, आणि आकसलेल्या रोहिण्या सैल करणाऱ्या प्रॅझोसिन या औषधाचा उपयोग 1986 साली त्याच नियतकालिकात. गंभीर दंशात शेकडा तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण या उपचाराने शेकडा एकच्या आसपास उतरले. पुढे 2011 साली डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाड येथे 70 रोग्यांवर केलेली चाचणी प्रसिद्ध झाली. प्रॅझोसिनला प्रतिविषाची जोड दिल्यास रोगी अधिक लवकर बरा होतो, असे तीत दिसून आले. डॉ. बावस्कर यांना 2022 साली पद्मश्री मिळाली.

येथे एक भेद विसरता कामा नये. विंचवाचे विष काही तासांत हृदय गाठते. आमवाताला त्यासाठी वर्षानुवर्षे लागतात. पहिल्यात रोगी धावत आणला जातो, दुसऱ्यात तो वेदनाशामक गोळी घेऊन घरीच राहतो. रोगीही थोडे नाहीत. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे 1996 साली सुरू झालेल्या पाहणीत 4092 प्रौढांपैकी सुमारे शेकडा अर्धा जणांस हा रोग आढळला.

उपचारांचा इतिहासही दुधारी आहे. 1948 साली हेंच यांनी कॉर्टिसोन प्रथम वापरले तेव्हा अंथरुणास खिळलेली माणसे चालू लागली, आणि 1950 साली त्यांना नोबेल पारितोषिकही मिळाले; परंतु दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे रक्तदाब व रक्तशर्करा वाढवितात. रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळे 2004 साली बाजारातून काढून घ्यावे लागले. याउलट, मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या रुग्णांत हृदयरोगाने होणारे मृत्यू बरेच कमी असल्याचे 2002 साली प्रसिद्ध झाले. संधिवात नसलेल्या हृदयरोग्यांना मात्र त्याचा लाभ होत नाही, असे 2019 सालच्या मोठ्या चाचणीत ठरले. महाडजवळ सव येथे सावित्रीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत. उष्ण पाण्याने आखडलेला सांधा सैल होतो, यात संशय नाही. पण त्याने रक्तवाहिन्याही प्रसरण पावतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यास कुंडातून उठताना भोवळ येऊ शकते.

संधिवातज्ञांच्या युरोपीय संघाच्या शिफारशीप्रमाणे अशा रुग्णाच्या हृदयधोक्याची तपासणी निदान पाच वर्षांतून एकदा व्हावयास हवी, आणि सर्वसाधारण कोष्टकातून आलेला आकडा दीडपट धरावयास हवा. त्यासाठी लागतात त्या गोष्टी साध्या आहेत : वय, तंबाखूची सवय, रक्तदाब आणि रक्तातील मेद व शर्करा. यांतील पहिल्या तिन्हींची नोंद बिरवाडीसारख्या केंद्रात, सुजलेली बोटे दाखवावयास आलेल्या रोग्याच्या पहिल्याच भेटीत करता येते.