कटला-रोहू संकर

कटला (लेबिओ कटला) आणि रोहू (लेबिओ रोहिता) या गोड्या पाण्यातील दोन माशांच्या संयोगातून होणारा संकर. दोन्ही जाती मूळच्या गंगेच्या खोऱ्यातल्या. 1822 मध्ये हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्यांचे वर्णन केले. वऱ्हाडातल्या पूर्णा-तापीच्या पाण्यात या जाती माणसाने आणल्या. अकोल्याजवळ महान गावी काटेपूर्णा नदीवर धरण आहे. अशा जलाशयांच्या साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून बोटुकली बाहेरून आणून सोडावी लागते.

संकराचे डोके कटल्याहून लहान आणि अंग रोहूपेक्षा रुंद असते. कटल्याचे तोंड वर वळलेले असते, तो पृष्ठभागाजवळचे प्राणिप्लवक कल्ल्यांच्या बारीक चाळणीने गाळून खातो. रोहूचे तोंड खाली वळलेले, ओठ झालरीचे, आणि त्याचा चारा मधल्या थरात. संकराचे तोंड, ओठ आणि कल्ल्यांची चाळण या दोहोंच्या मधली असते. तो रोहूपेक्षा लवकर वाढतो, आणि डोके लहान असल्याने त्याच्यात कटल्यापेक्षा मांस जास्त निघते.

हे मासे पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात वीण करतात. अंडी व शुक्ररस पाण्यात सोडले जातात, फलन शरीराबाहेर होते. त्यामुळे निरनिराळ्या जाती एकाच पाण्यात एकाच वेळी विणीला आल्या की सरमिसळ होऊ शकते. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी व के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूषिकेच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली, त्यानंतर असे संकर मुद्दाम करता येऊ लागले. आज बीजकेंद्राच्या एकाच गोल हौदात अनेक जाती सोडल्या, तर ते नको असतानाही होतात.

दोन्ही जातींत गुणसूत्रे 50 असतात आणि संकर वांझ नसतो. खरी काळजी इथेच आहे. ताटात आलेल्या संकराने काही बिघडत नाही. पण तोच प्रजनक म्हणून निवडला गेला, तर पुढच्या पिढ्यांत शुद्ध कटला आणि शुद्ध रोहू दोन्ही विरत जातात. गंगेच्या खोऱ्यात शुद्ध वाण नदीतून पुन्हा मिळवण्याची वाट अजून आहे. वऱ्हाडात तसा रानटी साठा मुळातच नाही. बीजकेंद्रातून आलेल्या माशांतूनच इथे प्रजनक निवडले, तर जुनी भेसळ पुढच्या पिढीत उतरते. मत्स्यजिरे किंवा बोटुकली डोळ्यांनी पाहून संकर खात्रीने ओळखता येत नाही, त्यासाठी डीएनए तपासणीच लागते. म्हणून प्रजनक मासे जातवार वेगळ्या तळ्यांत ठेवणे आणि एका वेळी एकाच जातीची वीण घेणे, एवढी शिस्त बीजकेंद्राने पाळायलाच हवी.