ॲडॅप्टिव्ह टाइल रिफ्रेश

पीसीवरील खेळांत पार्श्वभूमी धक्के न खाता सरकावी म्हणून अमेरिकन प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी १९९० साली योजलेले तंत्र. ‘कमांडर कीन’ या खेळामुळे ते प्रसिद्धीस आले.

पूर्वपीठिका : निन्टेंडोच्या घरगुती खेळयंत्रात चित्र सरकवण्याची सोय स्वतंत्र चिपमध्येच होती. पीसी मात्र मूळचा कचेरीतला. १९८४ च्या ईजीए या ग्राफिक्स कार्डावर ३२० × २०० बिंदूंचे सोळारंगी चित्र काढायचे तर ३२,००० बाइट भरावे लागत, आणि दर फ्रेमला एवढे काम त्या काळच्या प्रोसेसरला झेपत नसे.

कार्यपद्धती : कार्डाच्या मेमरीतील कोणत्या पत्त्यापासून चित्र दाखवायचे हे ईजीएत एका रजिस्टरवरून ठरते. पत्ता एका बाइटने वाढवला की चित्र आठ बिंदू सरकते. मधले एक ते सात बिंदू पॅनिंग रजिस्टर सांभाळते. कार्मॅक यांनी चित्र पडद्याहून जरासे मोठे ठेवले आणि ते १६ × १६ बिंदूंच्या घरांत विभागून प्रत्येक घरात एक टाइल (चित्राचा तुकडा) बसवली. दृश्य १६ बिंदू सरकले की पत्ता मूळ जागी आणायचा आणि प्रत्येक घरात शेजारच्या घरातली टाइल बसवायची. तंत्राची खरी करामत इथे आहे. घरात आधी असलेली टाइल आणि आता हवी असलेली टाइल एकच असेल, तर त्या घराला हातच लावला जात नाही. निळ्या आकाशाच्या ओळीत आकाशाशेजारी आकाशच असते. ती ओळ सबंध सुटते. पडद्यावरच्या सुमारे अडीचशे घरांपैकी बदललेली तेवढीच रंगवायची राहतात. तेही झटपट होते, कारण कार्डातील लॅचमुळे (तात्पुरत्या साठवणीच्या रजिस्टरांमुळे) चारही प्लेनमधले (मेमरीच्या रंगस्तरांतले) आठ बिंदू एकदम नकलता येतात आणि ३२ नकलांत एक टाइल पुरी होते. पार्श्वभूमीत एकसारख्या टाइल्स जितक्या जास्त, तितका खेळ सुरळीत. त्यामुळे लेव्हल आखणाऱ्यालाही या तंत्राचे भान ठेवावे लागे. पात्रांखालची घरे मात्र पुन्हा काढावीच लागत.

इतिहास : लुइझियानातील श्रीव्हपोर्ट येथे सॉफ्टडिस्क या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीस असताना कार्मॅक व त्यांचे सहकारी टॉम हॉल यांनी सप्टेंबर १९९० मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ ची पहिली लेव्हल एका रात्रीत पीसीवर उतरवली. मारिओच्या जागी दुसरे सहकारी जॉन रोमेरो यांच्या खेळातला नायक डेंजरस डेव्ह होता. पुढे निन्टेंडोला दाखवलेला मारिओचा नमुना नाकारला गेला. टेक्सासच्या अपोजी या प्रकाशन कंपनीने १४ डिसेंबर १९९० रोजी ‘कमांडर कीन’ आणला. पहिला भाग फुकट, पुढचे दोन विकत. फेब्रुवारी १९९१ मध्ये या सहकाऱ्यांची इड सॉफ्टवेअर ही कंपनी स्थापन झाली.

श्रेय : पीसीवर सलग सरकणारा पडदा प्रथम कार्मॅक यांनीच आणला, हे विधान जपून घ्यावे, कारण सरकवण्याची रजिस्टरे ईजीएत आधीपासून होती. बदलेल तेवढेच रंगवण्याची त्यांची जोड मात्र मोलाची.



उत्तरकाळ : ‘कमांडर कीन’ मालिकेतील ‘गुडबाय, गॅलेक्सी!’ (१९९१) पासून पत्ता मागे न आणता मेमरीत पुढेच नेण्याची रीत आली. मारिओचा नमुना २०२१ पासून रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात आहे.