संशोधनाची फाळणी आणि विद्यापीठांचा आवाज

स्वातंत्र्योत्तर विज्ञानधोरणाचा इतिहास बहुधा प्रयोगशाळांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. विद्यापीठे त्यात पाहुण्यासारखी येतात. संशोधन एकीकडे आणि अध्यापन दुसरीकडे, ही फाळणी मात्र आपोआप झालेली नाही. तिला विरोध झाला होता.

पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. अणुऊर्जेचे संशोधन होमी भाभांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठांबाहेर उभे राहत होते. कलकत्ता विद्यापीठातले मेघनाद साहा १९५२ मध्ये अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले आणि या गुप्त, केंद्रित व्यवस्थेवर तेथे टीका करीत राहिले. संशोधन विद्यापीठांतच रुजले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. तो मानला गेला नाही. गंमत अशी की, राष्ट्रीय प्रयोगशाळांनी विद्यापीठांतली माणसे ओढून नेल्याने विद्यापीठे दुबळी झाली, असे पुढे १९६६ मध्ये खुद्द भाभांनीही म्हटले.

वस्तुतः विद्यापीठांना सामुदायिक व्यासपीठ नव्हते असे नाही. १९२५ पासून आंतरविद्यापीठ मंडळ होते. तेच १९७३ मध्ये भारतीय विश्वविद्यालय संघ झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी १९५६ ते १९६१ या काळात चिंतामणराव देशमुखांसारखा, मेघदूत मराठीत आणणारा अर्थतज्ज्ञ होता. पण आयोग अनुदान देणारा; मागणाऱ्याची बाजू देणाऱ्याने किती मांडावी?

या फाळणीला खरे उत्तर मिळाले ते पुण्यात. १९८४ च्या दुरुस्तीने आयोगाला आंतरविद्यापीठ केंद्रे स्थापण्याचा अधिकार मिळाला. यशपाल आयोगाचे अध्यक्ष असताना, १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' उभी राहिली. जयंत नारळीकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून तिचे संस्थापक-संचालक म्हणून आले. महागडी साधने, ग्रंथालय आणि तज्ज्ञांचा सहवास एके ठिकाणी ठेवून तो देशभरच्या विद्यापीठीय अध्यापकांना खुला करायचा, ही कल्पना. 'चार नगरांतले माझे विश्व' हे नारळीकरांचे आत्मचरित्र आम्ही वर्गात ललित गद्य म्हणून वाचतो. ते शिक्षणधोरणाचा दस्तऐवज म्हणूनही वाचायला हवे.

आमच्या सोलापूरचे विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी, शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन, एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. १९७२ च्या तरतुदीनुसार आयोगाने पात्र ठरविल्यावाचून अशा नव्या विद्यापीठाला केंद्राचे अनुदान मिळत नाही. म्हणजे आधी साधने दाखवा, मग साधनांसाठी पैसे मागा! १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेले, तरी वेतनाचा भार मुख्यतः राज्यावर आणि संशोधननिधीचा निर्णय दिल्लीत, हे चित्र फारसे पालटले नाही.

२०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. पंतप्रधान त्याच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष आहेत. त्याच्या 'पेअर' योजनेत मानांकनात वरच्या संस्था चाकाच्या नाभीस्थानी आणि उरलेली विद्यापीठे आऱ्यांच्या जागी कल्पिली आहेत. नाभी कोणी ठरवायची, हे मात्र आऱ्यांना अद्याप कोणी विचारलेले दिसत नाही.