नामपल्लीचे दोन बुलबुल

उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद या रस्त्याने हैदराबादला जाणारी आपली माणसे शहरात शिरतात ती मियापूर, कुकटपल्ली मागे टाकीत. नोकरीसाठी कुकटपल्लीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मुले सरोजिनी नायडूंना इंग्रजीत ‘नाइटिंगेल’ म्हणून ओळखतात. सुटीत आजोळी आली, की मराठी पुस्तकात त्याच बाई ‘भारतकोकिळा’ होतात. आणि निजामी अमदानीत उर्दूतून शिकलेल्या पणजोबांच्या तोंडी त्या ‘बुलबुले हिंद’ असत. बाई एक आणि पाखरांची नावे तीन!

फारसी काव्यातला, गुलाबावर जीव टाकणारा बुलबुल म्हणजे इंग्रजांचा नाइटिंगेलच. तो आपल्याकडे नांदत नाही. नाव मात्र फारसीबरोबर आले आणि आपल्या बोरीबाभळीवरच्या, शेंडीवाल्या, बुडाशी लाल पाखराला चिकटले. मराठीने कोकिळा पसंत केली. तिचीही गंमत अशी, की कुहूकुहू करतो तो काळा नर. मादी ठिपकेदार, आणि तिला काही ते गाणे येत नाही. तरी सरोजिनीबाई कोकिळा आणि लताबाई गानकोकिळा! शास्त्राच्या शिक्षकांनी खुशाल नाक मुरडावे; भाषा पक्ष्यांची नव्हे, कानांची नोंद ठेवते.

पण सरोजिनीबाईंच्या आधी हैदराबादेत आणखी एक बुलबुल होऊन गेला, तो आपण पार विसरलो. दिल्लीचे शायर दाग देहलवी (जन्म १८३१) हैदराबादला आले, सहावे निजाम महबूब अली खान यांचे काव्यगुरू झाले, आणि निजामाने दिलेल्या किताबांत एक होता ‘बुलबुले हिंदुस्तान’. तरुण इक्बालने आपल्या गझला पत्राने यांच्याकडेच दुरुस्तीला पाठविल्या होत्या. दाग १९०५ साली हैदराबादेत वारले. नामपल्लीच्या यूसुफैन दर्ग्यात त्यांची कबर आहे.

त्याच १९०५ साली हैदराबादेत जन्मलेल्या सरोजिनीबाईंचा ‘द गोल्डन थ्रेशोल्ड’ हा पहिला संग्रह लंडनला निघाला. एक बुलबुल उडाला आणि दुसरा गाऊ लागला. योगायोगच, पण मोठा गोड. गांधीजीही पत्रांतून त्यांना ‘बुलबुल’ म्हणत. त्यांच्या घराचे नावही ‘गोल्डन थ्रेशोल्ड’. तेही नामपल्लीतच. १९७४ साली हैदराबाद विद्यापीठ सुरू झाले ते याच वास्तूत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची तीन शकले झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर म्हैसुरात, तेलंगण आंध्रात. आपल्या मराठी घरांतून हळूहळू उर्दू गेली आणि तिच्याबरोबर दागही गेले. सरोजिनीबाई तेवढ्या राहिल्या, त्या कोकिळा होऊन. पणजोबांच्या पेटीत उर्दू पुस्तके अजून असतील. ती वाचणारे घरात कोणी उरले नाही, ही खंत एकट्यादुकट्या घराची नव्हे.

आता कुकटपल्लीला मेट्रोत बसले, की गाडी न बदलता नामपल्लीला उतरता येते. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी दर्ग्याकडे वळावे. सरोजिनीबाई त्यांना पाठ्यपुस्तकात भेटणारच आहेत.