साग
साग : (सागवान, सं. शाक, हिं. सागौन). इमारती लाकडासाठी भारतात अग्रगण्य मानला जाणारा पानझडी वृक्ष. शास्त्रीय नाव टेक्टोना ग्रँडिस. वर्धा जिल्ह्याच्या उत्तरेस तळेगाव (श्यामजी पंत), आष्टी व कारंजा या भागांतील शुष्क वनांचा तो प्रमुख घटक होय. उन्हाळ्यात तो निष्पर्ण होतो. पावसाळ्यात पांढऱ्या फुलांचे मोठे तुरे येतात. कोवळे पान चुरडल्यास हाताला तांबडा रंग लागतो. मुरमाड जमीन व बेताचा पाऊस यांमुळे येथील साग मलबारातील सागाइतका उंच वाढत नाही. मात्र सावकाश पोसलेल्या या लाकडाचा रंग व रेषा उठावदार असतात. व्यापारात रूढ झालेले ‘सी. पी. सागवान’ हे नाव जुन्या मध्य प्रांतावरून पडले.

हा वृक्ष काही शतके जगतो. परंतु त्याचे लाकूड त्याहूनही दीर्घायुषी ठरते. कार्ले येथील चैत्यगृहाच्या छताखालील लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकून आहेत. गाभ्यातील तैलद्रव्यांमुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. ओकप्रमाणे ते लोखंडी खिळेही गंजवीत नाही. म्हणून जहाजबांधणीत त्याला तोड नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अद्याप जतन केलेले आहे.

युद्धोपयोगी वृक्षावर राज्यसत्तेची नजर असतेच. धनुष्यांसाठी यू वृक्षाचे लाकूड कमी पडू लागताच इंग्लंडने १४७२ मध्ये परदेशी मालाबरोबर धनुष्याच्या काठ्या आणणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक केले. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची दृष्टी अधिक उदार दिसते. आरमारासाठी राज्यातील साग हुजूरच्या परवानगीने तोडावा, अधिक लागल्यास परमुलखातून खरेदी करावा. रयतेने वाढविलेल्या आंबा-फणसांना मात्र हात लावू नये, असे त्यात बजावले आहे.

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये निर्माण झाला. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव वनांवरील सरकारी हक्क दृढ केला. मालगुजारी गावांत जंगल मालगुजाराचे असे. रयतेकडे केवळ निस्तार, म्हणजे सरपण, चराई व अवजारांपुरते लाकूड घेण्याची मुभा उरली. दाराशी साग असून नांगरासाठी दुसऱ्याची संमती लागे. ही जाच सोसणाऱ्या वऱ्हाडात १० जुलै १९३० रोजी पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. १९५० च्या मध्य प्रदेश अधिनियमाने मालगुजारी संपून तिची जंगले शासनाकडे आली. तथापि मालगुजारांनी तत्पूर्वी केलेल्या लाकूडतोडीच्या करारांचे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपल्या बांधावर वाढविलेला साग तोडण्यासही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमानुसार शेतकऱ्यास पूर्वपरवानगी घ्यावी लागते.