रेडिओ बंद केल्यावर काय झालं?



रेडिओवरचा शेतीसल्ला ऐकून गावाला कितपत कळतं, याची परीक्षा आपल्या मराठी मुलखात एकदा झाली आहे. 1956 साली, फेब्रुवारी ते एप्रिल, युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतल्या सुमारे 150 गावांत श्रोता मंडळं काढली. आपला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे त्या वेळचा औरंगाबाद जिल्हा, हैदराबाद राज्यात होता. म्हणून आपण त्यातून राहिलो.

एकेका मंडळात वीसेक माणसं. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, असे 20 कार्यक्रम. पण खरं काम रेडिओ बंद केल्यावर सुरू व्हायचं. मंडळी तिथंच बसून बोलायची: हे आपल्या रानाला लागू पडतं का? पाणी कुठलं आणायचं, पैसा कुठला? उरलेल्या शंका पुण्याला लिहून जात आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत येत.

पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञांनी कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर गावकऱ्यांची माहिती तपासून पाहिली. मंडळाच्या गावांत ती भरपूर वाढली होती. मंडळ नसलेल्या गावांत अगदी थोडी. आणि त्यांतल्या काही गावांत रेडिओ होता बरं का! आम्हा रेडिओवाल्यांना हे टोचतं, पण खरं आहे.

स्टुडिओतल्या माणसाला तुमचा बांध दिसत नाही. कपाशीच्या ओळींत अंतर किती ठेवावं? पैठणकडे गोदाकाठच्या भारी काळ्या जमिनीत झाड फोफावतं, तिथं अंतर जास्त लागतं. खुलताबादकडच्या डोंगराळ, मुरमाड रानात झाड खुजं राहतं, तिथं कमी. दोघांना एकच आकडा सांगितला तर एकजण फसतो. बियाण्याचा पैसा त्याचाच जातो, सांगणाऱ्याचा नाही.

आता मोबाइलवर सल्ला घटकेत येतो. पुष्कळदा त्यावर ना तारीख, ना गाव, ना कोणत्या जमिनीत करून पाहिलं त्याचा पत्ता. फवारणीचा असेल तर पंप भरण्याआधी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीशी ताडून बघा, नाहीतर कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

आणि आम्हाला पत्र लिहाल तेव्हा जमीन हलकी की भारी, पाणी विहिरीचं की नुसतं पावसाचं, वाण कोणता, पेरणी कधीची, हे आधी लिहा. पानं पिवळी पडली असतील तर खालची की शेंड्याची, तेही लिहा.